पायाळू मुले

पाठीत उसण भरली की आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या घरांतून डॉक्टरांच्या आधी आठवण होते ती पायाळू माणसाची. जन्मताना ज्याचे डोके आधी न येता पाय आधी आले, तो पायाळू. त्याने दुखऱ्या पाठीला हलकेच लाथ लावली की उसण पळते, असा समज आहे. शास्त्राला विचाराल तर पूर्ण दिवस भरलेल्या शंभर मुलांत तीन-चार मुले अशी उलटी असतात, आणि त्यांच्या पायांत इतरांच्या पायांहून निराळे असे काही नसते. पण लोकांनी या मुलांना केवढी सामर्थ्ये बहाल केली आहेत! जमिनीच्या पोटातले पाणी त्यांना दिसते, म्हणून विहीर खणण्यापूर्वी त्यांना वाडीतून फिरवावयाचे. पुरून ठेवलेले धन त्यांना दिसते, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवावयाची. आणि विजेला ही मुले फार प्रिय, म्हणून आभाळ गडगडू लागले की त्यांना अंगणातून ओढून घरात कोंडावयाचे. ज्या मुलाची ही एवढी कीर्ती, त्याला स्वतःला काय वाटते, हे मात्र कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यंदा दिवाळी अंकाच्या या पानावर मी लिहायला बसले आहे ती पायाळू माणसावर नव्हे, एका अमेरिकन कादंबरीवर. परंतु ती वाचताना पानोपानी मला पायाळू मुलेच आठवत राहिली, म्हणून पहिला मान त्यांना दिला. कादंबरीचे नाव 'द डार्केस्ट माइंड्स'. लेखिका अलेक्झांड्रा ब्रॅकन. पुस्तक २०१२ साली निघाले, त्याचे पुढचे भागही आले, आणि २०१८ साली त्यावर चित्रपट झाला. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने ते माझ्या टेबलावर आणून ठेवले. "मॅडम, ज्ञानेश्वरी झाली की हे वाचा," ती म्हणाली. ज्ञानेश्वरी कधी 'होते' का, हा प्रश्न मी ओठांवरच थांबवला आणि पुस्तक घरी घेऊन आले.

इंग्रजीत अशा पुस्तकांचा एक वेगळाच कप्पा आहे. ज्यांना बालवाङ्मय पोरकट वाटते आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या कंटाळवाण्या, अशा तेरा ते अठरा-एकोणीसच्या वाचकांसाठी तो असतो. आपण या वयाला अडनिडे वय म्हणतो. त्या वयाच्या वाट्याला आपल्याकडे पुस्तके थोडी आणि उपदेश उदंड येतो. या कप्प्यातील कितीतरी कादंबऱ्यांत उद्याचे जग चितारलेले असते, आणि ते बहुधा रामराज्याच्या अगदी उलट असते. राज्यकर्ते क्रूर, मोठी माणसे भेकड, आणि सगळा भार सोळा वर्षांच्या पोरांच्या खांद्यांवर.

ब्रॅकनबाईंची कथा अशी. अमेरिकेत मुलांची एक साथ येते. दहाव्या वर्षाच्या आगेमागे मुले पटापट मरू लागतात. जी थोडी वाचतात, त्यांच्या अंगी विलक्षण शक्ती येतात. सरकार घाबरते, आईबापही घाबरतात. 'पुनर्वसन' असे गोंडस नाव देऊन सरकार छावण्या उघडते आणि मुलांना तेथे नेऊन ठेवते. कथेची नायिका रूबी दहाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पकडली जाते आणि थर्मंड नावाच्या छावणीत सहा वर्षे काढते. छावणीत मुलांचे रंग ठरविलेले आहेत. ज्यांची बुद्धी आणि स्मरण असामान्य, ती हिरवी. हात न लावता वस्तू हलविणारी, ती निळी. विजेशी खेळणारी पिवळी. आग पेटविणारी लाल. आणि दुसऱ्याच्या मनात शिरून त्याचे विचार वळविणारी नारिंगी.

रंगांची ही यादी वाचताना मला आधी हसू आले. आपल्याकडच्या शाळांतील लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या 'हाउस'ची आणि क्रीडादिनाच्या संचलनाची आठवण झाली. पण पुढच्याच पानांवर ते हसू मावळले. काही दिवसांनी लाल आणि नारिंगी मुले छावणीतून नाहीशी होतात. ती कोठे गेली, हे कोणी सांगत नाही. रूबी खरी नारिंगी. परंतु पहिल्या तपासणीच्या वेळी भेदरलेल्या त्या दहा वर्षांच्या पोरीने डॉक्टरच्याच मनात भरवून दिले, की ही हिरवी आहे. त्या एका खोट्यावर ती जगते. सहा वर्षे मान खाली, नजर जमिनीकडे, कोणाला स्पर्श नाही की कोणाशी चार शब्द नाहीत. आपल्यात जे आहे ते कोणाला दिसू नये, एवढाच तिचा अभ्यास.

पण या कादंबरीत मला सर्वांत अधिक चटका लावून गेली ती छावणी नव्हे. रूबी घरी असतानाची एक सकाळ आहे. रात्री आईबाप चिंतेत आहेत हे पाहून ही मुलगी त्यांच्याजवळ जाते, आणि नकळत तिच्या स्पर्शाने त्यांच्या मनातून ती स्वतःच पुसली जाते. सकाळी स्वयंपाकघरात आई तिच्याकडे पाहते ती परक्या पोरीकडे पाहावे तशी. 'ही कोण आमच्या घरात शिरली?' म्हणून तिला कोंडून ठेवते आणि शिपायांना बोलावते. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'वर ज्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, त्या मराठी वाचकाला ही पाने वाचवणार नाहीत. लाठी खाऊन सोसता येते; आईने ओळखू नये, हे कसे सोसावे? आणि येथे आईचाही दोष नाही, हे त्यातले अधिक मोठे दुःख.

पुढे रूबी छावणीतून निसटते. एका जुन्या मोटारगाडीतून भटकणाऱ्या तीन मुलांशी तिची गाठ पडते. लियम हा सरळ मनाचा. चष्मा लावून पुस्तकांत डोके खुपसणारा, तोंडाने कडू आणि मनाने गोड असा चब्ज. आणि झू ही लहानगी. ती बोलत नाही, आणि आपल्या हातून ठिणग्या उडू नयेत म्हणून रबरी हातमोजे घालून वावरते. या चौघांचा संसार लेखिकेने फार मायेने उभा केला आहे. मात्र पाठलागांची प्रकरणे गरजेपेक्षा लांबली आहेत, आणि नायक-नायिकेच्या हुरहुरीला जेवढी पाने दिली, तेवढी त्या मूक झूला दिली असती तर मी अधिक प्रसन्न झाले असते. आणखी एक तक्रार आहे. एवढ्या मोठ्या देशात विश्वास ठेवावा असे मोठे माणूस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असावे, हे मला खटकले. आपला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. त्याच्या अंगी जादू नाही. सायकल, चपळ डोके आणि तोंडातला तो 'ट्टॉक' एवढेच त्याचे भांडवल. पण शेवटी तो धावत जातो तो मोठ्या माणसांकडेच, आणि ती त्याचे ऐकतातही. फेणेच्या जगात मूल आणि मोठी माणसे एका बाजूला आहेत. रूबीच्या जगात ती समोरासमोर उभी आहेत. आजच्या मुलांना हे दुसरे जग अधिक ओळखीचे का वाटावे, याचा विचार आपण मोठ्यांनी करावयास हवा.

आता पायाळू मुलांकडे वळते. या कादंबरीत मुलांना कोंडणारे जसे आहेत, तसे सोडवणारेही आहेत. रूबीला छावणीतून बाहेर काढते ती सरकारविरुद्ध लढणारी एक संघटना. वाचकाला वाटते, सुटली बिचारी. पण हळूहळू कळते, की या संघटनेलाही मूल नको आहे. तिला हवे आहे हत्यार. रूबीच्या शक्तीवर तिचा डोळा आहे. नाहीशा झालेल्या लाल मुलांचेही पुढे तेच निघते. सरकार त्यांना सैनिक म्हणून घडवीत असते. एक भीतीपोटी कोंडतो, दुसरा लोभापोटी बाहेर काढतो, आणि पुष्कळदा हे दोघे एकच असतात. वीज कडाडली की पायाळू पोराला घरात डांबणारे आणि विहिरीच्या वेळी त्याला उन्हातून फिरवणारे हात जसे एकाच घरचे, तसेच हे. आणि हा केवळ गमतीचा विषय नाही. गुप्तधनाच्या लोभाने आपल्या राज्यात काय काय अघोरी प्रकार घडले, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात गुप्तधन किंवा पाणी शोधण्याच्या नावाखाली केलेली अमानुष कृत्ये गुन्हा म्हणून वेगळी नमूद करावी लागली. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले, तो त्यांच्या खुनानंतर झाला, हेही विसरू नये.

माझ्या विद्यार्थिनीने 'ज्ञानेश्वरी झाली की' असे म्हटले होते ते सहज. पण पुस्तक वाचून झाल्यावर मला वाटले की तिने हे दोन ग्रंथ उगाच शेजारी ठेवले नाहीत. आपल्या भाषेची थोर कथा कोणाची आहे? चार मुलांचीच. संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची ती मुले. गावाने वाळीत टाकलेली. परंपरा सांगते, की मुलांना तरी समाजाने जवळ करावे म्हणून आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. तरीही मुलांना पैठणला शुद्धिपत्र आणायला जावेच लागले. शुद्धिपत्र म्हणजे काय, तर ही मुले आमच्यात चालतील असा मोठ्या माणसांचा दाखला. रूबीच्या छावणीतील डॉक्टर मुलांचे रंग ठरवीत होता. पैठणच्या पंडितांपुढेही मुलांचा रंगच ठरावयाचा होता.

मग तो रेड्याच्या तोंडून वेद वदविण्याचा प्रसंग. पुढे चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी चालविलेली भिंत. १९४० साली प्रभातने 'संत ज्ञानेश्वर' चित्रपट काढला, आणि पडद्यावरची ती भिंत चालताना पाहून लोकांनी हात जोडले. आपणही हात जोडतो. पण हात जोडताना डोळे मिटतात, आणि त्या भिंतीवर चार पोरकी भावंडे बसली आहेत हे दिसेनासे होते. परंपरेने दिलेली सालेच पाहा. ज्ञानदेवांचा जन्म १२७५चा, मुक्ताबाईचा १२७९चा, आणि ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे गीतेवरची ती टीका सांगणारा मुलगा पंधरा वर्षांचा, आणि त्याची धाकटी बहीण अकरा वर्षांची. आजच्या हिशेबाने एक दहावीत आणि दुसरी सहावीत!

या भावंडांचा मला सर्वांत आवडणारा चमत्कार रेड्याचाही नाही आणि भिंतीचाही नाही. तो आहे मांड्यांचा. एके दिवशी या मुलांना मांडे खावेसे वाटले. केवढी साधी इच्छा! मुक्ताबाई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली, तर विसोबा चाटीने कोणी खापर देऊ नये असा बंदोबस्त केलेला. पोर रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून आपली पाठ तापविली आणि मुक्तेने त्या पाठीवर मांडे भाजले. ही कथा सांगताना आपण पाठीच्या तापण्याचे केवढे वर्णन करतो! मला मात्र त्यात दिसते ते असे, की जगाने खापरसुद्धा नाकारलेल्या घरात भावाने आपली सारी शक्ती बहिणीच्या मांड्यांसाठी वापरली. आणि याच ज्ञानदेवांचे मन लोकांच्या बोलांनी दुखावले, ते झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा त्यांना बाहेर काढले ते कोणत्या सिद्धीने नव्हे. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या धाकट्या बहिणीच्या विनवणीने. ताटीचे अभंग म्हणून आपण ते आजही गातो. रूबीच्या त्या मोटारगाडीत एकमेकांची उशी होऊन झोपणारी चार मुले वाचताना मला हीच झोपडी दिसत होती.

फरक आहे तो शेवटी. रूबीची कथा कशी संपते ते मी सांगणार नाही. तो वाचणाऱ्याचा हक्क आहे. एवढेच म्हणते, की ज्यांनी जगाकडून एवढे सोसले, ती मुले जगाचे काय देणे लागतात, हा प्रश्न ती कादंबरी उघडा ठेवते. आळंदीच्या मुलाने त्याचे उत्तर पसायदानात दिले. दुष्टांचा नाश त्याने मागितला नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा तेवढा जावा, असे मागितले. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पसायदान हे आळंदीच्या मुलांचे मोठेपण आहे. ते वाळीत टाकणाऱ्यांचे समर्थन नव्हे. 'सोसले म्हणून तर एवढी मोठी झाली' असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. न सोसताच मोठी होण्याचा हक्क त्यांनाही होता.

तुम्ही म्हणाल, हे सारे झाले विलक्षण मुलांचे. आमची मुले चारचौघांसारखी. त्यांचा रेड्याशी आणि भिंतीशी काय संबंध? मी पुस्तक परत करायला गेले तेव्हा त्या विद्यार्थिनीला विचारले, "तुला यात काय आवडले?" मला वाटले, ती लियमचे नाव घेईल. ती म्हणाली, "मॅडम, ती सहा वर्षे हिरवी म्हणून राहिली ना, ते मला पटले. आम्हीही कॉलेजात हिरव्याच असतो."

मी तिच्याकडे पाहत राहिले. ही मुलगी आगरी कुटुंबातली. वर्गात ती लिहिते ती भाषा नीटनेटकी, शुद्ध, आणि तांदूळ निवडून ठेवावेत तशी कोरडी. पण एकदा एसटीच्या थांब्यावर ती आजीशी फोनवर बोलत असताना मी जवळच उभी होते. काय ते बोलणे! प्रत्येक वाक्याला चव, प्रत्येक शब्दाला धार, आणि मध्येच अशी एखादी उपमा, की लिहिणाऱ्याने हेवा करावा. आमच्या या किनाऱ्यावर अशी किती मुले असतील. कोणाच्या घरी आगरी, कोणाच्या घरी कोळी बोली. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत तर काही घरांतून पोर्तुगीजमधून जन्मलेली एक निराळीच बोली शतकानुशतके टिकून आहे. तिला ते लोक 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. दोन-दोन, तीन-तीन भाषा सहज जिभेवर खेळविणारी ही मुले शाळा-कॉलेजाच्या फाटकातून आत शिरताना त्या शक्तीला रबरी हातमोजे चढवितात. कोणी हसू नये, कोणी 'गावठी' म्हणू नये, म्हणून. आणि घरोघरी हेच चालले आहे. फक्त शक्ती वेगवेगळी. चित्रे काढणारा मुलगा वही उशीखाली ठेवतो, कारण ती पाहून 'याचे पुढे काय?' असे विचारले जाते. आणि ज्याच्या चित्रांचे कौतुक होते, त्याची लगेच स्पर्धेत, शिबिरात, पाहुण्यांपुढे रवानगी होते. एकाची शक्ती कोंडली जाते, दुसऱ्याची जुंपली जाते. दोघेही पायाळूच.

मी तिला म्हटले, "तुझ्या आजीची एखादी गोष्ट, ती सांगते तशीच्या तशी, तिच्याच भाषेत लिहून आण."

तिने लगेच विचारले, "कशासाठी, मॅडम? स्पर्धा आहे का? की अंकात छापायची आहे?"

"कशासाठीही नाही," मी म्हटले. "मला ऐकायची आहे."

तिला ते चटकन उमगले नाही. 'कशासाठीही नाही' ही गोष्टच आजच्या मुलांना नवी आहे. तिने अजून काही लिहून आणलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही. आजीच्या गोष्टीला घाई नसते.

आता शेवटी नेहमीचा प्रश्न, जो या पानाचे वाचक पत्रांतून विचारतात: हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे का? तेरा-चौदाच्या पुढच्यांना अवश्य द्यावे. त्यात हाणामारी आहे, भय आहे, थोडा प्रेमाचा मामला आहे. पण ज्या वर्तमानपत्रावर तुम्ही फराळाचा डबा ठेवता, त्यात याहून अधिक असते. अट एकच. पुस्तक मुलांनी वाचले की मग तुम्हीही वाचावे, आणि 'यातून काय बोध घेतलास?' असे न विचारता 'तुला कोण आवडले?' एवढेच विचारावे. उत्तर आले तर ऐकावे. न आले तर चकलीची बशी पुढे सरकवावी आणि शेजारी बसून राहावे.